पिवळ्या तारेला फाटे फोडण्यापूर्वी

संपादक महोदय,

स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला जुन्या गेम कन्सोलवरचा लेख वाचला. आतली धूळ कशी काढावी, कार्ट्रिजचे सोनेरी दात कसे पुसावेत, हे लेखकाने छान सांगितलं आहे. माझी तक्रार आहे ती शेवटच्या परिच्छेदाबद्दल. टीव्हीवर खेळता खेळता तोच खेळ कॉम्प्युटरवर रेकॉर्डही व्हावा असं वाटत असेल, तर कन्सोलच्या पिवळ्या, म्हणजे चित्राच्या पिनेला वाय-केबल जोडावी, एक टोक टीव्हीला आणि दुसरं कॅप्चर कार्डाला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या यंत्राला द्यावं, असा सल्ला तिथे दिला आहे. तो चुकीचा आहे. त्याने काही जळणार नाही, शॉक बसणार नाही. पण चित्र बिघडेल आणि वाचक बिचारा टीव्हीला नाहीतर कन्सोलला दोष देत बसेल. मी स्वतः तीन दिवस तशी बसले होते, म्हणून हे पत्र.

माझ्याबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर यातली नामुष्की कळणार नाही. मी ३१ वर्षं व्हिडिओ स्टुडिओच्या देखभाल विभागात काम केलं. एका कॅमेऱ्याचं चित्र एकाच वेळी मिक्सरला, रेकॉर्डरला, भिंतीवरच्या मॉनिटरांना आणि निर्मात्याच्या टेबलापर्यंत पोचवायचं, हे आमचं रोजचं काम. म्हणजे आपल्या लेखकाने ज्या प्रश्नाला हात घातला, तोच प्रश्न सोडवून मी पगार घेत होते. तरीही नातवाने वाय-केबल पुढे केली तेव्हा मी ती निमूट जोडून दिली. घरात आल्यावर माणूस आपलं शिक्षण चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवतो की काय, कोण जाणे.

नातवाकडे प्लेस्टेशन २ आहे. तो स्वतः १७ वर्षांचा, कन्सोल त्याच्याहून वडील. त्याला आपल्या खेळाचं रेकॉर्डिंग हवं होतं, पण कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघून खेळायचं नव्हतं. त्याचं म्हणणं रास्तच होतं. पिक्चर ट्यूबचा टीव्ही सिग्नल येईल तसा ओळीमागून ओळ रंगवत जातो, चित्र साठवून ठेवत नाही. कॅप्चर कार्ड मात्र सिग्नलचे आकडे करतं, कॉम्प्युटर ते आकडे गोळा करतो, मग त्याचं पुन्हा चित्र करून दाखवतो. तोवर खेळ पुढे गेलेला असतो. पडदा सेकंदाला ६० वेळा रंगत असेल तर एक फेरी सुमारे १६.७ मिलिसेकंदांची, ५० वेळा रंगत असेल तर २० मिलिसेकंदांची. चार-पाच फेऱ्या शिळं चित्र बघून उडी मारणारा खड्ड्यातच पडणार. बंदुकीचे जुने खेळ तर बहुतेक फक्त ट्यूबवरच चालतात, कारण पडद्यावरचा प्रकाश नेमका कोणत्या क्षणी दिसला यावरच त्या बंदुकीचा सगळा हिशेब असतो. तेव्हा खेळायला ट्यूब आणि रेकॉर्डिंगला कार्ड, दोन्ही एकदम हवीत, हे लेखकाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. वाद आहे तो फक्त फाटा कसा फोडायचा याबद्दल.

वाय-केबल जोडली आणि टीव्हीवरचं चित्र अंधारलं. नुसतं अंधारलं असतं तर मला लगेच कळलं असतं. पण उजेड कमी आणि रंग मात्र पहिल्याइतकेच, त्यामुळे सगळं ओल्या कापडासारखं गडद आणि जड दिसायला लागलं. उलट कॉम्प्युटरवरचं रेकॉर्डिंग झकास. नातवाने निकाल देऊन टाकला, "आजी, तुझ्या टीव्हीची ट्यूब गेली." पुरावा त्याच्या बाजूने होता. एकाच तारेतून दोघांना सिग्नल जातो, एकाकडे चित्र चांगलं, दुसऱ्याकडे वाईट, म्हणजे दोष दुसऱ्याचा. मीही मान डोलावली आणि टीव्हीचा कॉन्ट्रास्ट चढवून दिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोन दिवस तसंच चाललं. मग खेळात एक स्फोट झाला, सगळा पडदा क्षणभर पांढरा झाला आणि त्या क्षणी चित्राचा वरचा भाग वाऱ्यावरच्या पडद्यासारखा उजवीकडे वाकला. पुढच्या स्फोटाला पुन्हा तेच. तिथे मला जाग आली. पांढऱ्या चित्रावर वरची बाजू वाकते याचा अर्थ टीव्हीला सिंक, म्हणजे ओळ कुठे सुरू करायची याची खूण, नीट सापडत नाही, आणि सिंक सापडत नाही म्हणजे सिग्नलची उंचीच कमी आहे. ट्यूब म्हातारी झाली म्हणून असं होत नाही.

टीव्हीचा प्लग काढला, कन्सोलची तार सोडवली आणि मल्टिमीटरने टीव्हीच्या पिवळ्या सॉकेटचा मधला भाग आणि बाहेरची कडी यांच्यातला रोध मोजला. ७५ ओहम. कॅप्चर कार्डाचा मोजला, ७४. वाय-केबलला दोघंही जोडून तिच्या मोकळ्या टोकाशी मोजला, ३७ आणि थोडं. माळ्यावरचा ऑसिलोस्कोप खाली उतरवायचीही गरज नव्हती, पण उतरवला, कारण मला माझीच चूक डोळ्यांनी बघायची होती. टीव्ही एकटा असताना सिग्नल १ व्होल्टचा. कार्ड जोडलं की ०.६७.

हे असं का, ते आपल्या वाचकांना थोडं सविस्तर सांगू द्या, कारण सगळी चूक आवाजाच्या तारांवरून केलेल्या अंदाजातून होते. लाल-पांढऱ्या पिनांना वाय-केबल लावली तर काहीच बिघडत नाही. आवाजाच्या इनपुटचा रोध १० हजार ओहम किंवा त्याहून जास्त असतो. तो सिग्नलमधून जवळपास काही ओढतच नाही, नुसता कान लावून ऐकतो. कान दोन असले काय आणि तीन असले काय, बोलणाऱ्याला फरक पडत नाही. व्हिडिओचं तसं नाही. कन्सोलमधला ॲम्प्लिफायर मुळात २ व्होल्टचा सिग्नल काढतो. बाहेर पडताना तो ७५ ओहमच्या एका रेझिस्टरमधून जातो आणि पलीकडे टीव्हीतही ७५ ओहमचाच रेझिस्टर त्याची वाट बघत असतो. दोघं सारखे, म्हणून निम्मंनिम्मं वाटप होऊन टीव्हीला बरोबर १ व्होल्ट मिळतो. त्यातला ०.३ व्होल्ट सिंकचा, म्हणजे ओळ कुठे सुरू करायची हे सांगणारा, आणि उरलेला ०.७ चित्राचा. सगळा हिशेब पलीकडे एकच ७५ ओहम आहे असं धरून मांडलेला आहे. तिथे दोन लावले की त्यांचे मिळून ३७.५ होतात आणि २ व्होल्टचा एक-तृतीयांशच वाट्याला येतो: ०.६७. तीन यंत्रं लावली तर अर्धा व्होल्ट. सिंकही त्याच प्रमाणात खचतं, ०.३ चं ०.२ होतं.

मग रेकॉर्डिंग चांगलं का आलं? या प्रश्नानेच मला तीन दिवस चकवलं होतं. कॅप्चर कार्डातल्या चिपला ठाऊक असतं की सिंकची उंची ०.३ असायला हवी. ती ०.२ दिसली की चिप सगळा सिग्नल दीडपट करून घेते. याला एजीसी म्हणतात. माझ्या जुन्या टीव्हीत ही सोय अँटेनाच्या बाजूला आहे, पिवळ्या सॉकेटला नाही, म्हणून तिथे उजेड कमी पडला. रंगांचं मात्र निराळं. रंगीत टीव्हीत प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला येणारा रंगाचा नमुना बघून रंगाची मात्रा सावरणारं वेगळं सर्किट असतं. त्याने आपलं काम चोख केलं. उजेड दोन-तृतीयांश आणि रंग पुरेपूर, ते ओलं कापड इथून आलं. थोडक्यात, दोन्ही यंत्रांना मिळणारा सिग्नल सारखाच अशक्त होता. एकाने ते झाकलं, दुसऱ्याने दाखवलं, आणि आम्ही दाखवणाऱ्याला आजारी ठरवलं.

कार्डाने झाकलं म्हणून रेकॉर्डिंगचं काही बिघडलं नाही असंही नाही. दीडपट करताना त्यातली खरखरही दीडपट होते. काळ्या प्रसंगांत बारीक मुंग्या दिसतात. नातवाला त्या मी दाखवल्यावर दिसल्या, आणि आता त्याला त्याच दिसतात.

इथे कुणी जाणकार म्हणेल, बाई, खरा धोका परावर्तनाचा, भूतांचा. टर्मिनेशन, म्हणजे तारेच्या टोकाचा ७५ ओहमचा रोध, बिघडलं की सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि चित्राला सावली पडते हे खरं आहे. पण प्रमाण बघा. तारेतून सिग्नल सेकंदाला साधारण २० कोटी मीटर धावतो. २ मीटरच्या तारेत जाऊन यायला त्याला २० नॅनोसेकंद लागतात. दिसणारी एक ओळ सुमारे ५२ मायक्रोसेकंदांची, म्हणजे सावली सरकणार ओळीच्या सव्वीसशेव्या हिश्श्याने. ती कुणाला दिसत नाही. ३० मीटर तार असेल तर गोष्ट वेगळी. अर्धा मीटर रुंद पडद्यावर ती सावली ३ मिलिमीटर दूर पडते. स्टुडिओत आम्ही त्या भूतांमागे धावायचो. घरातल्या हातभर तारांत भूत नसतं, असते ती उपासमार.

आता उपाय. सरळ उपाय म्हणजे डिस्ट्रिब्युशन ॲम्प्लिफायर, आमच्या भाषेत डीए. आत येणारा सिग्नल तो एकदाच, ७५ ओहमने नीट उतरवून घेतो, दुप्पट करतो आणि जितकी आउटपुट असतील तितक्या वेगवेगळ्या ७५ ओहमच्या रेझिस्टरांतून बाहेर सोडतो. प्रत्येक टीव्हीला वाटतं की आपण एकटेच आहोत. एका आउटपुटची तार उपटली तरी बाकीच्यांना पत्ता लागत नाही. हे दुप्पट करणं कळीचं आहे, कारण बाहेर पडल्यावर अर्धं होणारच असतं.

घेताना एक पथ्य पाळावं. एक इनपुट, तीन आउटपुट असे डबे 'स्प्लिटर' म्हणून मिळतात. त्या डब्याला वीज लागते का, हे आधी बघावं. ना ॲडाप्टर, ना बॅटरी, असं असेल तर ती डब्यात बसवलेली वाय-केबलच समजा. काही डब्यांवर बटणं असतात आणि त्यातून एका वेळी एकच निवडायचं असतं. ते स्विच आहेत, उलट दिशेने, म्हणजे अनेक कन्सोल आणि एक टीव्ही असेल तेव्हा ते उपयोगी. दोन कन्सोल वाय-केबलने एका टीव्हीला जोडणं हे तर आणखी वाईट, कारण बंद असलेला कन्सोलही चालू असलेल्याच्या सिग्नलवर आपला भार टाकत राहतो.

केबल टीव्हीच्या तारेसाठी येणारा धातूचा स्प्लिटर पिवळ्या तारेला अडॅप्टर लावून चालेल का, असं नातवाने विचारलं. चालणार नाही. तो स्प्लिटर वीज न वापरताही रोध सांभाळतो हे खरं, पण आतल्या फेराइटच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमुळे तो काही मेगाहर्ट्झच्या वरच्या सिग्नलसाठीच बनलेला असतो. पिवळ्या तारेतला सिग्नल अगदी खालच्या, काही दहा हर्ट्झपासून सुरू होतो. तो खालचा भाग कापला गेला की चित्र उभंच राहत नाही. कन्सोल अँटेनाच्या तारेने, आरएफने जोडलेला असेल तर मात्र हाच स्प्लिटर योग्य. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये साधारण साडेतीन डेसिबल घट होते, ती ट्यूनर सहज पचवतो.

डीए नसेल आणि घरात जुना व्हीसीआर पडला असेल तर त्याला कामाला लावता येईल. कन्सोल व्हीसीआरच्या इनपुटला, व्हीसीआरचं पिवळं आउटपुट कार्डाला आणि अँटेनाच्या तारेचं, आरएफचं आउटपुट टीव्हीला. व्हीसीआर चालू ठेवून बाहेरचं इनपुट निवडलं की तो आलेला सिग्नल आपल्या ॲम्प्लिफायरमधून पुढे पाठवतो, कॅसेट नसली तरी. चित्र किंचित मऊ होतं. मला चालतं, नातवाला चालत नाही.

स्टुडिओतला दुसरा मार्ग लूप-थ्रूचा. व्यावसायिक मॉनिटरला आत यायला एक सॉकेट आणि बाहेर पडायला दुसरं, आणि बाजूला ७५ ओहमचा एक खटका. मधल्या सगळ्या मॉनिटरांचे खटके बंद, म्हणजे ते आवाजासारखे नुसते कान लावतात. फक्त शेवटच्याचा चालू. अशा साखळीत एकच ७५ ओहम राहतो, म्हणून वीज न लावताही सहा मॉनिटर एका तारेवर चालतात. काही मॉनिटरना खटका नसे, तिथे शेवटच्या सॉकेटवर बोटाच्या पेराएवढं टर्मिनेटर चढवायचं. एका रात्री प्रक्षेपण सुरू व्हायला १० मिनिटं असताना आमच्या भिंतीवरचे सगळे मॉनिटर पिठासारखे पांढरे फटक झाले. माणसांना चेहरे नाहीत. अर्ध्या जणांनी कॅमेऱ्याला शिव्या घातल्या. टोकाच्या मॉनिटरमागचं टर्मिनेटर कुणीतरी दुसरीकडे कमी पडलं म्हणून काढून नेलं होतं. भार नाही म्हटल्यावर १ चे जवळपास २ व्होल्ट झाले होते. म्हणजे दोन टर्मिनेशनने अंधार आणि शून्य टर्मिनेशनने पीठ. मल्टिमीटरने मोजताना तुमच्या एखाद्या यंत्राचा रोध ७५ ऐवजी हजारांत आला, तर ते कान लावणाऱ्यांपैकी आहे, आणि त्या एका जोडीला वाय-केबलही चालेल. घरगुती टीव्हींत असं सहसा आढळत नाही.

एक उपाय तर काही न विकत घेता होतो आणि आपल्या लेखात तो यायला हवा होता. सुपर निन्टेन्डो, निन्टेन्डो ६४, प्लेस्टेशन २ यांच्या मागच्या चपट्या सॉकेटवर कंपोझिट, म्हणजे पिवळ्या पिनेचा, आणि एस-व्हिडिओ, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांनी नेणारा, हे दोन्ही सिग्नल एकाच वेळी हजर असतात, प्रत्येकाची वाट वेगळी. एस-व्हिडिओ कार्डाला द्या, पिवळी पिन टीव्हीला द्या. कुणाचा घास कुणाच्या तोंडी जात नाही. दोन्ही टोकं असलेल्या केबली मिळतात. फक्त आतलं शिल्डिंग, म्हणजे तारांभोवतीचं धातूचं आवरण, बरं हवं, नाहीतर पिवळ्याच्या रंगाची बारीक जाळी एस-व्हिडिओच्या चित्रावर उतरते. आम्ही शेवटी हेच केलं आणि रेकॉर्डिंगला उलट आधीपेक्षा स्वच्छ सिग्नल मिळाला.

कंपोनंटवाल्यांसाठी थोडं. प्लेस्टेशन ३ च्या एचडीएमआयवर नक्कल रोखणारं एचडीसीपी कायम चालू असतं, त्यामुळे त्याचं रेकॉर्डिंग करणारे हिरव्या-निळ्या-लाल तारांकडे वळतात. तिथे डीए तीनही तारांना हवा. फक्त हिरवी, म्हणजे उजेडाची आणि सिंकची तार वाय-केबलने फोडून निळी-लाल तशीच ठेवण्याचा प्रयोग कुणी करू नये. उजेड खचतो, रंगांची मात्रा तशीच राहते आणि माणसं भाजल्यासारखी दिसतात.

आणखी एक तक्रार नेहमी येते. कॉम्प्युटर जोडला की टीव्हीवर एक आडवा पट्टा फिरायला लागतो. त्यात टर्मिनेशनचा संबंध नाही. कॉम्प्युटरचं अर्थिंग आणि टीव्हीकडचं अर्थिंग तारेच्या शिल्डमधून एकमेकांना मिळतात आणि विजेच्या ५० हर्ट्झची घरघर चित्रात शिरते. सेकंदाला ५० वेळा रंगणाऱ्या चित्रावर हा पट्टा रांगतो, ६० वाल्यावर लुकलुकतो. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवून बघावा; पट्टा गेला तर कारण सापडलं. सगळी यंत्रं एकाच बोर्डावरून चालवणं किंवा व्हिडिओच्या तारेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालणं, हे त्यावरचे उपाय. प्लगची अर्थिंगची जाड पिन कापणं हा उपाय नव्हे, कुणी सांगितला तरी.

पुढच्या पुरवणीत कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापलीत तरी पुरे. आपल्या लेखकाला राग येऊ नये. ज्या चुकीत माझी ३१ वर्षं उपयोगी पडली नाहीत, ती त्यांच्याकडून झाली तर नवल नाही.

आपली,
एक निवृत्त व्हिडिओ अभियंता

ता. क. ज्यांनी लेख वाचून वाय-केबल आधीच आणली आहे त्यांनी ती टाकू नये. आमची आता लाल-पांढऱ्या तारांवर आहे आणि तिथे उत्तम चालली आहे. टीव्हीचा चढवलेला कॉन्ट्रास्ट तेवढा आठवणीने खाली आणावा. आमचा परवापर्यंत तसाच राहिला होता आणि बातम्या देणारी बाई भुतासारखी दिसत होती.